शेवटची अकरा मिनिटं

फहाहीलचा मॉल, तिसरा मजला, हॉल चार.
सिनेमा संपायला अकरा मिनिटं उरली की
मी आत शिरतो,
काळी पिशवी, झाडू, कमरेला स्प्रे,
आणि भिंतीला पाठ लावून उभा राहतो. तसा नियम आहे.
त्यामुळे मला सगळ्या गोष्टींचे
फक्त शेवट माहीत आहेत.

या महिन्यात यंत्रमानव आहे.
म्हातारी वारली आहे, आणि तो
अजून तिच्यासाठी चहा करतो.
कप ठेवतो. निवलेला उचलतो. दुसरा ठेवतो.
मग एका सकाळी कप हातात धरून थांबतो
आणि त्याच्या डोळ्यातून पाणी येतं,
उजव्याच. डावा बिघडलेला असावा.
कसा बिघडला ते आधी दाखवलं असेल.

बोलणं इंग्रजीत, खाली अरबी.
अरबी मला वाचता येतं. दाभोळ खाडीकाठच्या मकतबात
छडी खात शिकलो;
अर्थ कुणी सांगितला नाही, मीही विचारला नाही.
पडद्यावर जेर-जबर नसतात, तरी अडखळत लावतो.
एक शब्द कळतो: उम्म. आई.
तोही माणसांचे चेहरे
असेच वाचत असेल.

लाइट लागतात.
लोक नाकं पुसत उठतात, मोबाइल उघडतात.
कोण कुठे रडलं ते मी सीट नंबरानिशी सांगू शकतो:
एफ नऊ, एफ दहा,
आणि मागच्या कोपऱ्यातला तो आडदांड गडी,
ज्याने टिश्यू नाचोजच्या डब्यात
खोल दाबून लपवला.
टेकबहादूर म्हणतो, भुताचे पिक्चर बरे, दाइ,
नुसते पॉपकॉर्न सांडतात.

अम्मी गेली तेव्हा फोन लॉकरमध्ये होता.
तोही नियम.
सात मिस्ड कॉल, सातवा साडेनऊचा,
त्यानंतर कुणीच केला नाही. समजलो.
शेवटचा शो बाकी होता. अश्रफ म्हणाला, तू जा.
जाऊन जाऊ कुठे? खोलीवर सहा जण,
कुणीतरी मच्छी तळत असणार.
तिकडे फजरनंतर माती देणार होते,
आणि पहाट विमानापेक्षा लवकर पोचते.
आत गेलो. भिंतीला पाठ लावली.
त्याने कप ठेवला. उचलला. दुसरा ठेवला.
मी वाट पाहिली, आधी उजव्या डोळ्याची, मग डाव्या.
काही आलं नाही.
हॉल साफ केला. सीटखालचं जुनं च्युइंगमसुद्धा
सुरीने खरवडून काढलं,
जे कधीच कोणी काढत नाही.

काल तस्नीमने फोनवर विचारलं,
अब्बा, त्या पिक्चरची सुरुवात कशी आहे?
मी रचून सांगितली:
तो खोक्यातून येतो, त्याचे कागद कंपनीकडे असतात,
त्याला दाखवतात, हे घर, ही म्हातारी, हा चहाचा डबा.
तो मान हलवतो.

ती हसली. छे, मी पाहिलाय, जुबेरियाच्या मोबाइलवर.
सुरुवातीला कारखाना आहे.
एक माणूस त्यांना रांगेत उभं करून तपासतो:
हात वर कर. खाली कर. चालून दाखव.
आता रड.
पाणी नीट येतंय का बघतो,
फडक्याने पुसतो, शिक्का मारतो.
पुढचा.

मला आमचं मेडिकल आठवलं, मुंबईतलं.
छातीचा फोटो, रक्त, शर्ट काढा, लांब श्वास घ्या,
रोखून धरा, सोडा.
फिट.
बाहेर बाकावर अम्मी बसली होती, मांडीवर थर्मास.
म्हणाली, बघ, अजून गरम आहे.
मी घाईत होतो. एजंट खाली उभा होता.

अब्बा? आवाज येतोय का?
येतोय, म्हटलं. आणि त्याचा डावा डोळा?
तो कधी बिघडला?
डावा? ते मधे असेल, तस्नीम म्हणाली.
मधे मला झोप लागली.

वॉकीटॉकी खरखरला. अश्रफ:
हॉल चार, हॉल चार.